अम्मांचा वाटा

गाठ

गाठ मानेच्या उजव्या बाजूला होती, गळ्यातल्या साखळीच्या जरा वर. साखळी बारीक, तिच्यात नखाएवढा क्रूस. ऑफिसला निघताना तो कुर्त्याच्या आत सारायचा, ही जुनी सवय. एका सकाळी सारताना बोटाला काहीतरी कडक लागलं. दुखत नव्हतं. काही दिवस मी कोणाला सांगितलं नाही. डेस्कवर माणसं कमी होती आणि न दुखणाऱ्या गोष्टीसाठी रजा मागणं मला जमत नाही.

मी वसईची. लखनऊत एका इंग्रजी दैनिकाच्या डेस्कवर काम करते. दुसऱ्यांनी लिहिलेल्या बातम्या तपासायच्या, कापायच्या, मथळे द्यायचे. नवरा आग्नेल बँकेत आहे. त्याच्या बदलीबरोबर आम्ही इथे आलो आणि राहिलो. घर सरोजिनी नगरला, विमानतळापासून जवळ. मुलगी स्टेफी अकरावीत आहे. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर हिंदीत येतं.

गाठीचा तुकडा तपासून अहवाल आला त्या दिवशी डॉक्टरांनी आम्हाला बसायला सांगितलं. आधीच्या भेटीत आम्ही उभेच होतो, त्यामुळे अर्धं तिथेच कळलं. लिम्फोमा, असं ते म्हणाले. मग म्हणाले, "इलाज है. लंबा है, पर है."

आग्नेलने जेवणाबद्दल विचारलं. तो घाबरला की जेवणाबद्दल विचारतो. मी नाताळचं विचारलं, "डॉक्टर साहब, बड़े दिन पर वसई जा पाऊँगी? अपने घर?"

त्यांनी मान हलवली. "भीड़ से दूर रहिए. ट्रेन, बाज़ार, शादी-ब्याह, मंदिर..." कागदावरच्या माझ्या नावाकडे त्यांची नजर गेली. "...चर्च. सब."

बाहेर आल्यावर आग्नेल गाडी काढायला गेला. मी पायरीवर उभी राहिले. तो दिवस मला नीट आठवतो, आणि त्यात रडण्याचा भाग नाही. मी मनात त्या 'सब'चा अर्थ लावत होते. त्यात रविवारची मिस्सा, चर्चमधली उपासनाही होती.

मंगळवारची तुकडी

केमोथेरपीचा हॉल लांबट आहे. भिंतीला लागून मागे कलणाऱ्या खुर्च्या, प्रत्येकीशेजारी सलाईनचा स्टँड. माझी खेप दर तिसऱ्या मंगळवारी असे. ज्यांची औषधं त्याच अंतराने चालू असत ते त्याच दिवशी येत, म्हणून माणसं तीच दिसत. नावं उशिरा कळतात. आधी कोणाला कोणतं औषध बाधतं ते कळतं.

माझ्या उजवीकडच्या खुर्चीत अम्मा असायच्या. रामदुलारी, बछरावांकडच्या एका गावातल्या. वय पासष्टच्या पुढे, डोक्यावर लोकरीची टोपी, तिच्यावर पदर. मुलगा सकाळी त्यांना आणून सोडे आणि खाली चहाच्या टपरीवर बसून राही. अम्मांना ते बरंच वाटायचं. "बैठा रहेगा तो मुँह लटकाए रहेगा," त्या म्हणत. "हमें उसका इलाज करना पड़ेगा."

मंगळवार हनुमानाचा. अम्मा घरून निघताना देवळातली बुंदी घेऊन येत. सलाईन लागायच्या आधी त्या उठायच्या आणि खुर्ची-खुर्चीपाशी जाऊन प्रत्येकाच्या हातावर चिमूटभर ठेवायच्या. कोण कुठला, कोणाचा देव कोणता, काही विचारत नसत. कोणी हात पुढे केला नाही तर त्या तिथेच उभ्या राहत, हात पुढे होईपर्यंत.

सिस्टर ओरडायची, "अम्मा, बाहर का खाना मना है! यहाँ अस्पताल है, भंडारा नहीं."

"खाना कहाँ है?" अम्मा म्हणायच्या. "दो दाना है. लो, तुम भी लो."

सिस्टर घ्यायची.

माझ्या तोंडात फोड आले होते, बुंदी चावता येत नव्हती. ती मी आग्नेलच्या हातावर द्यायचे. वसईला आईला फोनवर हे कळलं तेव्हा तिला ते आवडलं नाही. "त्यांच्या देवाचं आहे ना ते?" तिने विचारलं. आग्नेलने फोन माझ्या हातातून घेतला. "आई, बुंदी आहे फक्त. बेसन आणि साखर." मग तो मला हळूच म्हणाला, "चांगली असते यार."

अम्मांच्या नजरेतून हे सुटलं नव्हतं. "बिटिया, तुम्हारा हिस्सा हर बार साहब खा जाते हैं," त्या एकदा म्हणाल्या. "बीमारी तुम्हारी, तबीयत इनकी बन रही है."

पाठमोरी माणसं

केमोनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत रक्तातल्या पांढऱ्या पेशी खाली जातात. तेव्हा घरात पाहुणा नको, फुलं नकोत, कच्चं काही नको. हे वाचणाऱ्यांपैकी कोणी सध्या उपचारांवर असेल तर त्यांना हे माहीत असेल. भीतीचे दिवस निभावून नेता येतात. हे रिकामे दिवस मात्र सरत नाहीत.

रविवारी सकाळी स्टेफी माझा मोबाइल उशीला टेकवून ठेवी. वसईच्या आमच्या चर्चमधली मिस्सा दिसायची. लखनऊत आम्ही हिंदी मिस्सेला जातो, कधी इंग्रजी. दोन्ही मला येतात, पण त्या भाषांत मी प्रार्थना करताना आधी वाक्य तपासते. मराठीत तसं होत नाही.

कॅमेरा चर्चच्या मागच्या बाजूला, उंचावर लावलेला आहे. त्यामुळे माणसं पाठमोरी दिसतात. ख्रिस्तप्रसादाची भाकर घ्यायला रांगा पुढे सरकत. मी पाठींवरून माणसं ओळखत असे. डावीकडे किंचित कललेली ती माझी आई. पांढरी ओढणी, ती मावशी. ज्याचा शर्ट कायम बाहेर असतो तो शाळेतला वर्गमित्र, आता केळीची बाग सांभाळतो. एकेक जण वेदीशी पोचे, क्षणभर थांबे, बाजूला होई. रांग संपे. फोन उशीला टेकलेला राही.

ख्रिस्तप्रसाद घेता येत नाही तेव्हा मनोमन ख्रिस्ताला बोलवायची प्रार्थना असते. ती मी म्हणत असे आणि ती खरी आहे असं मानते. पण भूक भूकच राहायची. केमोत अन्नाची भूक गेली होती. ही गेली नाही.

नाताळच्या रात्री स्टेफीने येशूजन्माचा गोठा मांडला. मी खोलीच्या दारातून पाहिला, कारण तिला सर्दी होती.

घरातला वाद

आमच्या इथल्या चर्चमधून आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद नेऊन देण्याचं काम मॅथ्यू सर करतात. केरळचे, शाळेतून निवृत्त झालेले भौतिकशास्त्राचे शिक्षक. त्यांचा फोन आला. घरी येणं अवघड होतं. पेशी खाली असताना कोणी यायचं नव्हतं. पेशी भरून येत त्या पुढच्या खेपेच्या मंगळवारपर्यंत, आणि मंगळवारी मी हॉलमध्ये. सर म्हणाले, "तो मैं उधर ही आएगा. दवाई शुरू होने से पहले. पाँच मिनट का काम है."

आग्नेल नको म्हणाला.

"तिथे सगळ्यांसमोर? लीना, दिवस कसे आहेत ते तुला मी सांगायचं? बातम्या तू लावतेस."

हे खरं होतं. कुठे घरातल्या प्रार्थनेवरून धर्मांतराची तक्रार, कुठे चौकशी. त्या बातम्या माझ्या हातून गेल्या होत्या. प्रत्येकीत 'अलेज्ड', म्हणजे 'कथित', हा शब्द योग्य जागी आहे का, ते मी पाहिलं होतं.

"मी कोणाला काही शिकवायला जात नाहीये," मी म्हणाले. "मी आजारी आहे. मला ख्रिस्तप्रसाद हवा आहे."

"ते मला कळतं. कोणी मोबाइल काढून व्हिडिओ केला तर त्याला कळेल? थोडे दिवस थांब. बरी झालीस की चर्चमध्येच घे."

"आणि नाही झाले तर?"

हे वाक्य घरात पहिल्यांदा मोठ्याने बोललं गेलं. आग्नेल उठून स्वयंपाकघरात गेला. भांडी आधीच घासलेली होती, ती त्याने पुन्हा घासली.

स्टेफी सोफ्यावरून म्हणाली, "पापा, आ जाने दो ना उनको. मम्मी को चाहिए."

पुढे आलेला हात

त्या मंगळवारी अम्मा बुंदी वाटून नुकत्याच बसल्या होत्या. मॅथ्यू सर आले. पांढरा शर्ट, खिशाला पेन, खांद्याला कापडी पिशवी. माझ्या खुर्चीचा जेवणाचा ट्रे त्यांनी पुढे ओढला, त्यावर इस्त्रीचा पांढरा रुमाल पसरला, छोटा क्रूस उभा केला. मेणबत्ती होती, पण पेटवली नाही. हॉलमध्ये ऑक्सिजन असतो. मग शर्टाच्या आत, छातीशी बांधलेली ख्रिस्तप्रसादाची गोल डबी काढून त्यांनी रुमालावर ठेवली. आग्नेल माझ्या आणि हॉलच्या मध्ये उभा राहिला. इतका रुंद तो एरवी दिसत नाही.

सरांनी हलक्या आवाजात प्रार्थना म्हटली, बायबलमधल्या शुभवर्तमानातल्या दोन ओळी वाचल्या आणि डबी उघडली.

तेवढ्यात उजवीकडून एक हात पुढे आला. अम्मांचा. डाव्या तळहातावर उजवा ठेवलेला, तळवा किंचित वाकवलेला, सुई टोचून काळी पडलेली शीर वर. देवाचं काही आलं आहे आणि ते वाटलं जाणार आहे, एवढं त्यांनी पाहिलं होतं. त्यांच्या हिशेबात पुढचं उघड होतं.

"हमें भी, भैया."

सर थांबले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आग्नेल चटकन म्हणाला, "अम्मा, ये दवाई है. इनकी दवाई."

हॉलमध्ये ते ऐकलं गेलं आणि चाललंही असतं. हॉल औषधांचाच होता. मी गप्प राहिले असते तर अम्मांनी हात मागे घेतला असता, कोणालाही काही वाटलं नसतं. पण ज्याच्यासाठी मी इतके महिने रांगेतल्या पाठी मोजल्या, तो समोर होता आणि त्याला औषध म्हटलं गेलं होतं.

"दवाई नहीं है, अम्मा," मी म्हणाले. आवाज मला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. "हम ईसाई हैं. ये हमारे गिरजे से आया है. देखने में रोटी है. हम मानते हैं कि ये खुद येशु हैं."

"खुद?"

"खुद."

"तो दो ना."

"नहीं दे सकती, अम्मा. जो बपतिस्मा लेकर, सीखकर, इसी को मानकर आता है, उसी को दिया जाता है. मेरी चीज़ होती तो आधी आपको देती. मेरी नहीं है."

हात जरा वेळ तसाच राहिला. "हम तो सबको देते हैं," अम्मा म्हणाल्या. तक्रार नव्हती त्यात. त्यांनी हात शालीखाली घेतला.

समोरच्या खुर्चीतल्या बाईंनी डोळे मिटून घेतले होते. सिस्टर सुया मांडता मांडता थांबली होती. सरांनी तो पांढरा गोल उचलून धरला.

"ख्रीस्त का शरीर."

"आमेन," मी म्हणाले. पलीकडच्या भिंतीपर्यंत ऐकू गेलं असेल.

केमोत प्रत्येक घास लोखंडासारखा लागतो. पाणीसुद्धा. ख्रिस्तप्रसादाला पूर्वीही चव नव्हती, तेव्हाही नव्हती. त्या सगळ्या महिन्यांत चव बदलली नाही अशी तोंडात आलेली ती पहिली गोष्ट.

सर आवराआवर करून गेले. तेव्हा समोरच्या बाईंबरोबर आलेला तरुण उठून आमच्याकडे आला. हातात मोबाइल होता. आग्नेल पुन्हा मध्ये सरकला.

"भाई साहब, आप लोग ईसाई हैं?"

आग्नेलने एकदा माझ्याकडे पाहिलं. "हाँ," तो म्हणाला.

"अच्छा. तो एक बात बताइए, वो मिशन वाले स्कूल में नर्सरी का फॉर्म कब निकलता है? बिटिया का कराना है. वेबसाइट खुलती ही नहीं."

आग्नेल त्याला बराच वेळ माहिती देत होता. जितकी होती त्यापेक्षा जास्त.

नालासोपाऱ्याची घंटा

सलाईन सुरू झाल्यावर अम्मांनी मान वळवली. मला वाटलं होतं, त्या आता बोलणार नाहीत.

"मिल गए?"

"मिल गए."

"तो रोती काहे हो?"

"बहुत दिन बाद मिले ना, अम्मा."

त्यांनी हुंकार दिला. "लड़के के बाबू बंबई में थे. नालासोपारा. साल में एक बार आते थे. हम देखते ही रोने लगते, वो समझते नाराज़ हैं. बक्सा उठाए दरवाज़े पर खड़े रहते."

नालासोपारा आमच्या वसईच्या शेजारी आहे. मी ते सांगितलं तेव्हा अम्मा खुर्चीत जवळजवळ उठून बसल्या. नवऱ्याने तिथे आयुष्य काढलं. त्यांनी ते गाव कधी पाहिलं नाही. आता तो नव्हता, विचारायला कोणी उरलं नव्हतं.

"कहते थे वहाँ सुबह गिरजे का घंटा बजता है. उसी से उठते थे. सच है?"

"सच है. हम भी उसी से उठते थे."

"कैसा बजता है?"

मी खुर्चीच्या हातावर बोटांनी ठेका धरून दाखवला. त्यांनी डोळे मिटून ऐकला आणि म्हणाल्या, "और करो."

त्या दिवशी औषध संपेपर्यंत आम्ही बोललो. येशू कोण, त्याची आई कोण, तो आजाऱ्यांना हात लावायचा का, मेल्यावर काय झालं. त्या विचारत, मी उत्तर देत असे. जे माहीत नव्हतं ते माहीत नाही म्हणाले. इतकी वर्षं मी समजत होते की श्रद्धेबद्दल बोलायला वेगळा आवाज लागतो, व्यासपीठावरचा. तो लागला नाही. शेजारणीला माहेरचं सांगावं तसं सांगता आलं.

शेवटी त्यांनी विचारलं, "मंगल को तुम्हारे यहाँ कोई नहीं?"

"हैं. संत अंतोनी." मी सांगितलं की मंगळवारी त्यांची प्रार्थना असते. पाव आशीर्वाद घेऊन वाटतात. लहानपणी आमच्या गावात तो घ्यायला सगळ्या घरांतली मुलं येत, कोण कोणत्या धर्माचं ते कोणी विचारत नसे.

"वो पाव हमें मिल सकता है?"

"वो सबको मिलता है, अम्मा."

"तो अगली बार लाना." शालीतून हात बाहेर काढून त्यांनी तो पुन्हा तसाच धरला, रिकामा, खूण म्हणून. "याद रहेगा?"

पाव

पुढच्या खेपेला मॅथ्यू सरांनी पाव आणून दिला, धर्मगुरूंकडून आशीर्वाद घेतलेला. आदल्या संध्याकाळी आग्नेलने फोन करून त्यांना आठवण केली होती. मला ते नंतर कळलं.

अम्मांची खुर्ची रिकामी होती. उशी बदललेली, चादर ताणून लावलेली.

सिस्टर माझ्याकडे न बघता म्हणाली, "घरवाले ले गए, मैडम. डॉक्टर साहब ने कहा, अब घर पर ही सेवा कीजिए."

हे वाक्य मंगळवारच्या तुकडीत सगळ्यांना समजतं.

नंबर मिळवणं माझ्या पेशात अवघड नाही. गावाचं नाव माहीत होतं, एक-दोन फोन पुरले असते. मी केले नाहीत. एरवी अपुरी बातमी मी छापू देत नाही. ही मला अपुरीच हवी होती.

मांडीवर पाव होता. मी उठले. सलाईन अजून लागली नव्हती. पहिल्या खुर्चीपाशी गेले, पावाचा लहानसा तुकडा मोडला आणि म्हणाले, "गिरजे से है. संत अंतोनी का." मग दुसरीपाशी. तिथल्या बाईंनी विचारलं, "किसका?" मी पुन्हा सांगितलं, जरा मोठ्याने. त्यांनी तुकडा कपाळाला लावला आणि तोंडात टाकला. नर्सरीवाल्या तरुणाने दोन घेतले, एक मुलीसाठी.

सिस्टर म्हणाली, "मैडम, आप भी शुरू हो गईं." तिने हात पुढे केला.

एक तुकडा मी रुमालात बांधून ठेवला.

उपचार संपून आता बरेच महिने झाले. गाठ नाही. केस आले, पूर्वीपेक्षा कुरळे. रविवारी मी चर्चमध्ये रांगेत असते. वसईच्या कॅमेऱ्यात अजून मी आलेले नाही, पण या नाताळला येईन. क्रूस कुर्त्याच्या बाहेर असतो. ऑफिसात कोणी त्याबद्दल काही बोललं नाही. एकाने मात्र विचारलं, आजाऱ्यासाठी प्रार्थना सांगायची असेल तर कोणाला सांगायची. मी म्हणाले, मला सांग.

तपासणीसाठी मी मुद्दाम मंगळवार मागून घेते. पाव घेऊन जाते. हॉलमधली माणसं आता वेगळी आहेत, त्यांना सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं. मी सांगते. एक तुकडा ठेवते. हॉल रिकामा व्हायला लागला की एकदा दाराकडे पाहते आणि खाली येते.

मागच्या खेपेला जेठाचा, म्हणजे ज्येष्ठ महिन्यातला मंगळवार होता; लखनऊत तो हनुमानाचा मोठा दिवस. रुग्णालयाबाहेर मंडप घातले होते, येणाऱ्या-जाणाऱ्याला पुरी-सब्जी आणि बुंदी वाटत होते. आग्नेल गाडीपाशी उभा होता, हातात बुंदीचा द्रोण. माझ्या तोंडात आता फोड नाहीत. मी त्यातली चिमूटभर घेतली, अम्मांची म्हणून, आणि खाल्ली. मग रुमाल सोडून अम्मांच्या वाट्याचा पाव त्याच्या हातावर ठेवला.

दर वेळी तो तुकडा तोच खातो. पाव आहे फक्त, असं तो अजून एकदाही म्हणालेला नाही. खाताना तो डोळे मिटतो, आणि मी गाडीच्या टपावर बोटांनी वसईच्या घंटेचा ठेका धरते.